फाबियान बार्थेझ: गोलपोस्ट सोडून पुढं येणारा गोली

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

गेल्या रविवारी सराव संपल्यावर आमच्या इथली चार पोरं बूट सोडत बसली होती. चौघंही गोली, वय पंधरा-सोळा. अ‍ॅलिसन, एडरसन, कुर्त्वा सगळे तोंडपाठ. बोलता बोलता मी फ्रान्सच्या जुन्या गोलरक्षकाचं, बार्थेझचं नाव काढलं. त्यातल्या एकानं मोबाइल पुढं केला, "काका, हाच ना? हात वर करून उभा राहिलेला?"

हाच. 28 जानेवारी 2001, ओल्ड ट्रॅफर्ड, एफए कप. वेस्ट हॅमचा पाओलो डि कॅनिओ एकटा आत घुसला आणि मँचेस्टर युनायटेडचा गोली ऑफसाइड असल्यासारखा हात वर करून जागेवर उभा राहिला. डि कॅनिओ थांबला नाही. बॉल जाळ्यात, सामना 1-0 असा गेला. ती पाच सेकंदं पोरांपर्यंत पोचलीत. त्याच माणसाचे विश्वचषकातले 17 सामने मात्र पोचलेले नाहीत. मला त्याचं फार वाईट वाटलं, म्हणून हा धागा.

तेवढंच सांगून सुरुवात करतो. 1998, 2002 आणि 2006 असे तीन विश्वचषक मिळून बार्थेझ 17 सामने खेळला. खाल्लेले गोल 8. त्यातल्या 10 सामन्यांत त्याच्यावर एकही गोल झाला नाही. विश्वचषकाच्या इतिहासात इंग्लंडच्या पीटर शिल्टनसोबत हा विक्रम त्याच्या नावावर आहे.

जन्म 28 जून 1971, दक्षिण फ्रान्समधलं लाव्हलाने. वडील रग्बी खेळाडू. मला वाटतं त्याच्या खेळातली अंगावर जाण्याची वृत्ती घरातूनच आली. तुलूझकडून 1991 मध्ये पहिल्या डिव्हिजनमध्ये उतरला आणि वर्षभरात मार्सेलनं त्याला उचलला.

त्याच 1992 च्या उन्हाळ्यात फुटबॉलचा एक नियम बदलला. आपल्या खेळाडूनं मुद्दाम पायानं मागं दिलेला बॉल गोलीनं हातात घ्यायचा नाही. जुन्या गोलींची त्यामुळं पंचाईत झाली, कारण पायानं खेळायची सवयच नव्हती. बार्थेझला हा नियम म्हणजे मोकळं रान मिळाल्यासारखा होता. बॉल छातीवर घ्यायचा, येणाऱ्या आघाडीवीराला पायात गुंगवायचा आणि शांतपणे बाजूला पास द्यायचा. बघणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकायचा, त्याचा कधी चुकला नाही.

26 मे 1993, म्युनिक. चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, मार्सेल विरुद्ध एसी मिलान. पहिल्या अर्ध्या तासात मिलाननं रान उठवलं होतं. दानिएले मासारो दोन-तीनदा समोर आला आणि प्रत्येक वेळी हा 21 वर्षांचा पोरगा मध्ये. मध्यंतराच्या तोंडावर अबेदी पेलेच्या कॉर्नरवर बासिल बोलीनं हेडर मारला, 1-0. फ्रान्सच्या क्लबनं युरोपातला सगळ्यात मोठा चषक जिंकायची ती पहिलीच वेळ. दुसऱ्यांदा तो मान मिळवायला पॅरिस सेंट-जर्मेनला 2025 उजाडावं लागलं, आणि तेही म्युनिकमध्येच.

मार्सेलचं पुढं काय झालं ते बऱ्याच जणांना माहीत असेल. त्या अंतिम सामन्याच्या सहा दिवस आधी व्हॅलेन्सिएनविरुद्धचा लीग सामना पैसे देऊन मॅनेज केल्याचं उघडकीला आलं. लीगचं विजेतेपद काढून घेतलं, 1994 मध्ये क्लबला खाली दुसऱ्या डिव्हिजनमध्ये ढकललं. बडे खेळाडू निघून गेले. बार्थेझ एक वर्ष तिथंच दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळला आणि मग 1995 ला मोनाकोला गेला. युरोपचा विजेता गोली वर्षभरानं छोट्या गावांच्या मैदानांवर उभा राहतो, आणि पाठ फिरवत नाही. त्याच्या नखऱ्यांबद्दल बोलणाऱ्यांनी हे वर्षही लक्षात ठेवावं.

आता माझा मुख्य मुद्दा. बार्थेझची उंची सहा फुटांच्या आतबाहेर. श्मायकेल, बुफॉन, व्हान डर सार हे सगळे त्याच्यापेक्षा चांगले उंच. गोलपोस्टची रुंदी 7.32 मीटर आणि उंची 2.44 मीटर, ती सगळ्यांना सारखीच. उंच गोली रेषेवर थांबून हात लांबवू शकतो. बुटक्याला ते परवडत नाही. त्याला पुढं यावंच लागतं, म्हणजे मारणाऱ्याला गोलचा तुकडा लहान दिसतो. यालाच आपण अँगल कमी करणं म्हणतो. पण पुढं यायचं म्हणजे नेमकं कधी? मारणाऱ्याचा पाय मागं जायच्या आत. अर्धा सेकंद उशीर झाला की बॉल डोक्यावरून गेला. अर्धा सेकंद घाई झाली की तो बाजूनं काढून नेतो. बार्थेझचं सगळं करिअर या अर्ध्या सेकंदावर उभं आहे. जे अडवलं ते त्याच्यामुळं, आणि जे खाल्लं तेही त्याच्यामुळं. त्याचा धाडसीपणा हवा आणि चुका नकोत, असं वेगळं करून मागता येत नाही.

मी स्वतः 1996 ते 2004 गोलमध्ये उभा राहिलो. शाहू स्टेडियमवर एका उपांत्य सामन्यात क्रॉस पकडायला पुढं आलो, बॉल बोटांना लागून मागं पडला आणि आम्ही 1-0 हरलो. त्या रात्री जेवलो नाही. चार दिवसांनी पुढचा सामना होता आणि पहिलाच क्रॉस आला तेव्हा पाय रेषेला चिकटले होते. चूक झाल्यावर पुन्हा पुढं येणं किती अवघड असतं ते मला तेव्हा कळलं. म्हणून हा माणूस मला जवळचा वाटतो. तो चुकल्यावरही पुढच्या बॉलला पुन्हा बाहेर यायचा.

1998 बद्दल खाली सविस्तर लिहितो. तुमच्याही आठवणी येऊ देत.

---

तुलूझवासी

दादा, विषय काढलात आणि फार बरं वाटलं. मी नोकरीनिमित्त तुलूझला राहतो, एकोणीस वर्षं झाली. इथं त्याच्या नावाचा उच्चार "बार्तेझ" असा करतात, शेवटचा झ स्पष्ट. आपल्याकडं इंग्रजी वाचून थ झाला.

लाव्हलाने इथून शंभरेक किलोमीटरवर, पिरेनिजच्या पायथ्याशी. आरिएज जिल्हा. एकेकाळी कापडगिरण्यांचं गाव, पुढं गिरण्या बंद पडल्या. इचलकरंजीच्या माणसाला गाव बघून ओळखीचं वाटेल. आणि हा सगळा मुलूख रग्बीचा. तुलूझमध्ये आजही शनिवारी संध्याकाळी कॅफेत लोक आधी रग्बीचा निकाल विचारतात, फुटबॉलचा नंतर. अशा ठिकाणी रग्बी खेळणाऱ्याच्या घरात फुटबॉलचा गोली जन्मला. गर्दीत उडी मारून बॉल काढायचा, अंगावर कोण येतंय याची फिकीर करायची नाही, हे इथल्या पोरांना लहानपणापासून शिकवावं लागत नाही.

आणखी एक बारकी गोष्ट. तो बहुतेक वेळा अर्ध्या बाह्यांची जर्सी घालायचा. त्या काळचे बाकीचे गोली लांब बाह्या, कोपराला जाड पॅड. इथल्या जुन्या लोकांना त्याचे ते उघडे हात अजून आठवतात.

---

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

धन्यवाद, आता बार्तेझच लिहितो. 1998 कडं येतो.

पहिली गोष्ट, तो मुळात पहिला गोली नव्हता. 1996 च्या युरोत, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, फ्रान्सच्या गोलमध्ये बर्नार लामा होता आणि चांगला होता. 1997 मध्ये गांजाच्या चाचणीत सापडून त्याच्यावर बंदी आली, आणि जागा बार्तेझकडं गेली. त्यामुळं विश्वचषकात 1 नंबरची जर्सी लामाकडं आणि खेळणाऱ्या बार्तेझच्या पाठीवर 16. हा 16 त्यानं पुढं कधी सोडला नाही, 2006 च्या अंतिम सामन्यातही तोच होता.

पूर्ण स्पर्धेत 7 सामने, गोल खाल्ले 2. एक डेन्मार्कच्या मायकेल लाउड्रुपची पेनल्टी, दुसरा उपांत्य सामन्यात क्रोएशियाच्या शुकरचा. समोरून खेळत असताना रचून केलेला गोल तेवढा एकच.

सामना सुरू व्हायच्या आधी लोराँ ब्लाँ येऊन त्याच्या टकलावर ओठ टेकवायचा. हे सगळ्यांना आठवतं. पण 28 जूनचं कुणी सांगत नाही. त्या दिवशी बार्तेझचा सत्ताविसावा वाढदिवस होता. लाँस गावात पॅराग्वेविरुद्ध बाद फेरीचा सामना, आपल्याकडं रविवारी रात्री आठला सुरू झाला. झिदान निलंबित. समोरच्या गोलमध्ये चिलावर्ट, तो आपल्या बचावफळीवर असा ओरडत होता की टीव्हीवर बघतानाही दरारा वाटायचा. नव्वद मिनिटं 0-0. जादा वेळेत 113 मिनिटं झाली आणि ब्लाँनं आत येऊन गोल केला. गोल्डन गोल, म्हणजे तिथंच सामना संपला. विश्वचषकातला पहिला गोल्डन गोल. ज्यानं सामन्याआधी टक्कल चुंबलं त्यानंच वाढदिवसाची भेट दिली.

मग 3 जुलै, इटली. हा सामना मी पुन्हा पुन्हा बघतो. जादा वेळेत रॉबेर्तो बाज्जिओनं बॉल हवेतच मारला. बार्तेझ पुढं आलेला, हात पसरलेले. बॉल पोस्टच्या शेजारून बाहेर. तो आत गेला असता तर फ्रान्स तिथंच घरी, कारण गोल्डन गोलचा नियम दोघांनाही लागू. टायब्रेकरमध्ये बार्तेझनं आल्बेर्तिनीची पेनल्टी अडवली. लिझाराझूची पाल्युकानं अडवली होती, त्यामुळं बरोबरी झाली. शेवटी दि बियाजिओनं क्रॉसबारला मारली. 4-3.

अंतिम सामना 12 जुलै. आपल्याकडं मध्यरात्र उलटून अर्धा तास झालेला. आमच्या गल्लीत एकाच घरात टीव्ही चालू, बाहेर पाऊस. पहिल्या अर्ध्यातच एका उंच बॉलवर रोनाल्डो धावला आणि बार्तेझ पूर्ण अंगानिशी त्याच्यावर येऊन आदळला. दोघे जमिनीवर. घरातली सगळी ब्राझीलच्या बाजूची, ओरडायला लागली. मी एकटा गोलीच्या बाजूनं. बॉल त्याचा होता, तो थांबला असता तर रोनाल्डोनं काढून नेला असता. उत्तरार्धात रोनाल्डोचा जवळून मारलेला फटका त्यानं छातीशी धरला. फ्रान्सच्या मार्सेल देसाईला लाल कार्ड मिळाल्यावर फ्रान्सचे दहाच उरले होते. 3-0. त्या स्पर्धेतला सर्वोत्तम गोली म्हणून याशिन पुरस्कार त्यालाच मिळाला.

---

लाल_सैतान

लेख चांगला आहे, पण माझी बाजू मांडतो. मी 1996 पासून मँचेस्टर युनायटेडचा माणूस. श्मायकेल गेला, त्यानंतर एक वर्ष गोलमध्ये नुसती धावपळ होती. 2000 साली मोनाकोकडून 78 लाख पौंड देऊन हा आला तेव्हा आम्हाला वाटलं, मिटली काळजी. पहिलं वर्ष खरंच जबरदस्त होतं. मार्च 2001 चा लीड्सचा सामना घ्या. त्यानं इयन हार्टला लाथ मारली, पेनल्टी दिली गेली. हार्टच मारायला आला. बार्तेझनं ती अडवली. अशा माणसावर जीव न लावून कसं चालेल?

पण पुढच्या हंगामात काय झालं ते मी विसरू शकत नाही. 25 नोव्हेंबर 2001, आर्सेनलचं मैदान हायबरी. 1-1 चालू होतं. ऐंशीव्या मिनिटाला याच्या पायात बॉल, मारला तो थेट थिएरी ऑन्रीकडं. गोल. पाच मिनिटांनी सरळ येणारा बॉल हातातून सुटला, पुन्हा ऑन्री. 3-1. मी तेव्हा वसतिगृहात होतो. खोलीतल्या आर्सेनलवाल्या मित्राशी दोन दिवस बोललो नाही.

2003 मध्ये रेआल माद्रिद आलं, रोनाल्डोनं ओल्ड ट्रॅफर्डवर तीन गोल मारले. सामना आम्ही 4-3 जिंकला, पण दोन सामने मिळून फेरी हरलो. उरलेल्या हंगामात रॉय कॅरोल गोलमध्ये. लीग जिंकली, पण बार्तेझचा तिथला मुक्काम संपलाच होता.

तुम्ही म्हणता धाडस आणि चूक वेगळी करता येत नाही. मला वाटतं येते. हायबरीतला तो पास देताना अँगल कमी करायचा नव्हता, उंचीचा काही संबंध नव्हता. ती बेफिकिरी होती. विश्वचषकात सात सामन्यांसाठी जे लक्ष लागतं, ते हंगामाच्या पन्नास सामन्यांत त्याला टिकवता आलं नाही. महान गोली आणि महान स्पर्धा-गोली यात फरक करायला हवा.

---

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

हायबरीबद्दल तुमचं म्हणणं मान्य. तो पास चुकला, त्याचं समर्थन करणार नाही. माझा मुद्दा फक्त पुढं येण्याच्या चुकांना लागू होतो, हे मी नीट लिहायला हवं होतं.

पण "स्पर्धा-गोली" हा शब्द मला पटत नाही. मोनाकोकडून त्यानं 1997 आणि 2000 अशी दोनदा फ्रेंच लीग जिंकली आणि युनायटेडकडून 2001 आणि 2003 अशी दोनदा इंग्लिश. या चार पूर्ण हंगामांच्या लीग आहेत. आणि मार्च 1998 मध्ये तुमच्याच ओल्ड ट्रॅफर्डवर मोनाकोनं 1-1 बरोबरी करून युनायटेडला चॅम्पियन्स लीगमधून बाहेर काढलं, तेव्हा गोलमध्ये हाच होता. पहिला सामना 0-0 झाला होता, आणि तेव्हा बरोबरीत परक्या मैदानावरचा गोल जास्त धरायचे, त्यामुळं तो एक गोल पुरेसा ठरला. तो मारणारा होता वीस वर्षांचा दाविद त्रेझेगे.

---

बालेवाडी_पूर्वस्टँड

त्रेझेगेचं नाव आलं म्हणून लॉगिन केलं!

2014 मध्ये इंडियन सुपर लीगचा पहिला हंगाम. एफसी पुणे सिटीनं त्रेझेगेला आणलं. बालेवाडीला मी वडिलांना घेऊन गेलो होतो. तेव्हा तो 37 वर्षांचा. धावणं कमी झालं होतं, पण डीमध्ये कुठं उभं राहायचं हे जे काही असतं ते तसंच होतं. बचावपटूच्या नजरेआड दोन पावलं सरकायचा आणि थांबायचा. वडील म्हणाले, "हा काहीच करत नाही." आणि पुढच्याच क्रॉसला तो गोलसमोर एकटा.

त्रेझेगे आणि बार्तेझ ही जोडी नीट बघा. मोनाकोत एकत्र. 1998 ला इटलीविरुद्ध टायब्रेकरमध्ये त्रेझेगेनं पेनल्टी मारली, आत. 2 जुलै 2000, रॉटरडॅम, युरोचा अंतिम सामना, पुन्हा इटली. देलवेकियोनं इटलीला पुढं नेलं होतं. देल पिएरो एकटा समोर आला आणि बार्तेझनं पायानं अडवला, नाहीतर 2-0 होऊन खेळ संपला असता. भरपाई वेळेत इटलीचे राखीव खेळाडू बाकावरून उठून एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे. तेवढ्यात बार्तेझनं लांब किक मारली, त्रेझेगेनं डोक्यानं पुढं ढकलली आणि विल्टोरनं डावीकडून गोल केला. जादा वेळेत पिरेसच्या पासवर त्रेझेगेचा गोल्डन गोल, 2-1.

म्हणजे बरोबरीच्या गोलची सुरुवात गोलीच्या पायातून. लाल_सैतान यांनी हायबरीचा पास सांगितला, तसा हाही त्याच पायाचा.

मग 2006, बर्लिन, विश्वचषकाचा अंतिम सामना, पुन्हा इटली, पुन्हा टायब्रेकर. त्रेझेगेची पेनल्टी क्रॉसबारवर आदळून खाली आली, रेषेच्या बाहेर. इटलीनं पाचही मारल्या, बार्तेझला एकही अडवता आली नाही. आठ वर्षांपूर्वी दि बियाजिओला ज्या दांडीनं रोखलं होतं, तीच दांडी यांच्या वाट्याला आली.

---

मडगावची

पिरेस आमच्याकडं होता! त्याच 2014 ला एफसी गोवाकडून फातोर्ड्याला. अनेल्का मुंबई सिटीत. म्हणजे युरो 2000 जिंकलेल्या फ्रान्सचे तिघं एकाच हंगामात पुणे, गोवा आणि मुंबईत. आमच्या शेजारचे अंकल, जन्मभर ब्राझीलचे भक्त, 1998 च्या रागानं पिरेसला बघायला यायला तयार नव्हते. शेवटी आले आणि वॉर्म-अपपासून उभे राहिले.

बार्तेझबद्दल मला आठवतो तो युरो 2000 चाच उपांत्य सामना, पोर्तुगालविरुद्ध. गोव्यात त्या रात्री अर्ध्याहून जास्त घरं पोर्तुगालच्या बाजूनं, आमचंही. 1-1, वेळ संपत आलेली, फ्री किकवर आबेल झाव्हिएरचा हेडर अगदी जवळून. आम्ही सगळे उठून नाचायला लागलो होतो. बॉल आत गेलाच नव्हता, बार्तेझनं काढला होता. मग जादा वेळेत त्याच झाव्हिएरच्या हाताला बॉल लागला आणि झिदाननं पेनल्टीवर गोल्डन गोल केला. घरात कुणी अक्षर बोललं नाही. पप्पा एवढंच म्हणाले, पेनल्टी सोड, आपण त्या हेडरला हरलो.

---

ल्योनकर

सगळं वाचलं. ग्रेगरी कुपेबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. बार्तेझ मोठा होताच. पण 2006 मध्ये फ्रान्सचा सर्वोत्तम गोली तो नव्हता, कुपे होता.

ल्योननं त्या काळात ओळीनं लीग जिंकल्या आणि त्या सगळ्यात कुपे गोलमध्ये. 2001 मध्ये बार्सेलोनात त्यानं जो बॉल अडवला तो शोधून बघाच. आपल्याच खेळाडूनं मागं दिलेला उंच बॉल डोक्यावरून गोलमध्ये चाललाय, हात लावता येत नाही, म्हणून धावत मागं जाऊन डोक्यानं क्रॉसबारवर मारला, आणि परत आलेल्या बॉलवरचा रिवाल्डोचा हेडर हातानं अडवला. दोन्ही मिळून तीन सेकंदं.

बार्तेझ तेव्हा कुठं होता? 2004 ला मार्सेलकडून यूएफा कपच्या अंतिम सामन्यात मध्यंतराआधीच स्पेनच्या व्हॅलेन्सियाच्या मिस्ताला पाडून लाल कार्ड. 2005 ला मोरोक्कोत मैत्रीपूर्ण सामन्यात पंचावर थुंकला आणि बंदी भोगली. तरी प्रशिक्षक रेमों दोमेनेकनं विश्वचषकासाठी त्याचीच निवड केली. कुपे इतका दुखावला की तिन्यच्या सराव शिबिरातून निघून गेला, मग परत आला. आणि उपांत्य सामन्यात क्रिस्तियानो रोनाल्डोची फ्री किक बार्तेझनं व्हॉलीबॉलसारखी वर उडवली, फिगोचा हेडर थोडक्यात वरून गेला म्हणून वाचले.

कुपेला तयार केलं जोएल बाट्सनं. हाच बाट्स 1986 ला ग्वादालाहारात ब्राझीलविरुद्ध गोलमध्ये होता, झिकोची पेनल्टी अडवली आणि टायब्रेकरमध्ये सोक्रातेसची. पुढं ल्योनमध्ये ह्यूगो लोरिसही त्याच्याच हाताखालून गेला, आणि लोरिस 145 सामने खेळून फ्रान्सचा सगळ्यात जास्त सामने खेळलेला माणूस झाला. फ्रेंच गोलींची खरी पेठ ही आहे. बार्तेझ या पेठेतला नाही, तो एकटाच उगवला.

---

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

ल्योनकर, कुपेवर अन्याय झाला हे मलाही वाटतं. दोन वर्षं वाट बघून शेवटच्या क्षणी बाकावर बसणं, हे गोलीशिवाय कुणाला कळणार नाही. मैदानावर अकरा जागा असतात, गोलीला एकच. थुंकण्याच्या प्रकाराचं तर समर्थन होऊच शकत नाही.

पण 2006 चा हिशोब मांडतो. 7 सामने, 3 गोल. कोरियाचा पार्क जी-सुंग, स्पेनच्या व्हियाची पेनल्टी, अंतिम सामन्यात मातेराझ्झीचा हेडर. ब्राझील आणि पोर्तुगालला भोपळा. कुपेनं यापेक्षा चांगलं केलं असतं का, हे सांगता येणार नाही. दोमेनेकची निवड मात्र या आकड्यांसमोर चुकीची म्हणता येत नाही.

"एकटाच उगवला" हे मात्र बरोबर बोललात. फ्रान्सकडून 87 सामने खेळून त्याच्यासारखा खेळणारा पुढं कुणी झाला नाही.

शेवटही तसाच. 2006 नंतर क्लब मिळेना, ऑक्टोबरमध्ये निवृत्ती जाहीर केली. डिसेंबरमध्ये नाँतसाठी परत आला. क्लब घसरत होता, लोक चिडलेले, एका पाठीराख्याशी हमरीतुमरी झाली आणि एप्रिल 2007 मध्ये तो गाव सोडून गेला. नाँत त्याच हंगामात खाली गेलं. इतक्या मोठ्या गोलीला निरोपाचा सामना नाही, टाळ्या नाहीत. मला हे वाचून फार लागलं होतं.

---

तुलूझवासी

पण नंतर त्यानं जे केलं ते ऐका. 2008 पासून मोटार शर्यतीत उतरला. आधी पोर्शच्या शर्यती, मग 2013 ला फेरारी चालवून फ्रान्सची जीटी स्पर्धा जिंकली. 2014 ला ल माँची 24 तासांची शर्यत पूर्ण केली. पुढं फॉर्म्युला वनचा जुना ड्रायव्हर ऑलिव्हिए पानिसबरोबर स्वतःचा संघ काढला. पानिस म्हणजे 1996 ला मोनाकोची शर्यत जिंकलेला.

वळणावर ब्रेक कधी दाबायचा हाही अर्ध्या सेकंदाचाच खेळ. दादांनी वर लिहिलेलं वाचून मला तेच आठवलं.

---

लाल_सैतान

आज सकाळी युरो 2000 चा अंतिम सामना पुन्हा लावला. बालेवाडीवाल्यांचं बरोबर आहे. किक मारायच्या आधी तो घाई करत नाही. वेळ संपत आली आहे, सगळे हात हलवताहेत, आणि तो मान वर करून त्रेझेगेला शोधतोय. हायबरीचा पास मी विसरणार नाही. हेही विसरणार नाही.

---

नवा_गोली

काका, मोबाइल दाखवणारा मीच. धागा पूर्ण वाचला. माझी उंची 5 फूट 7 इंच आहे आणि आमचे सर म्हणतात रेषेवरच थांब. मी काय बघू?

---

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

बाळा, सरांचं ऐक, संघात तेच सांगतील तसं खेळायचं. पण घरी तीन गोष्टी बघ. 1998 चा बाज्जिओचा फटका: बॉल बाहेर गेला तेव्हा बार्तेझ कुठं उभा होता, रेषेपासून किती पुढं, ते मोज. 2000 ची देल पिएरोची संधी: तो झोपला कधी, देल पिएरोचा पाय बॉलला लागायच्या आधी की नंतर, ते हळू करून बघ. आणि तिसरी, डि कॅनिओची तीच चित्रफीत, पण शेवटपर्यंत. गोल खाल्ल्यावर खेळ पुन्हा सुरू होतो. त्यानंतरचा पहिला उंच बॉल आला की तो काय करतो, ते बघ.

रविवारी साडेसहाला मैदानावर ये. मी क्रॉस टाकतो, तू पुढं यायचं. पाच-सहा सुटतील, सुटू देत.

---

नवा_गोली

येतो काका. हातमोजे फाटलेत, भावाचे घेऊन येतो.